कारखान्यातील हवेचे राखणदार

(पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील वातानुकूलन संयंत्रे आणि ती चालविणारे कामगार या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



पावसाळा लागला की घरोघरी मिठाला पाणी सुटते, पापड सादळतात आणि काडेपेटीवर काडी कितीही ओढली तरी पेट घेत नाही. गृहिणी बरणीचे झाकण घट्ट लावते, डबा चुलीच्या उबेला ठेवते आणि ऊन पडण्याची वाट पाहते. परंतु जी वस्तू सादळली असता केवळ चव बिघडत नाही, तर तिच्यावर विसंबलेल्या रोग्याचे प्राण संकटात येतात, अशा वस्तूचे रक्षण कसे करावयाचे? हा प्रश्न पिंपरीच्या भूमीवर गेल्या शतकाच्या मध्यास उभा राहिला.

१९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड या सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्याची स्थापना झाली आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पेनिसिलिनचा स्वभाव मोठा नाजूक आहे. कोरड्या भुकटीच्या रूपात ते दीर्घकाळ टिकते. मात्र पाण्याचा स्पर्श होताच त्याच्या रेणूतील बीटा-लॅक्टम नावाचे कडे हळूहळू तुटू लागते आणि औषधाचा गुण ओसरत जातो. दवाखान्यातील परिचारिका इंजेक्शन देण्याच्या वेळीच भुकटीच्या कुपीत निर्जंतुक पाणी मिसळते, आधी मिसळून ठेवीत नाही, याचे कारण हेच होय. आता ही भुकटी कुपीत भरली जात असताना ती काही काळ उघड्या हवेत असते. त्या हवेतच पाणी असेल तर?

आणि पिंपरीच्या हवेत पाणी किती असते, याचा हिशेब करण्यासारखा आहे. एप्रिल महिन्यातील दुपारी तापमान ३८ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के धरली, तर एका घनमीटर हवेत सुमारे ९ ग्रॅम पाण्याची वाफ असते. जुलैमधील एखाद्या पावसाळी दिवशी तापमान २६ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के धरली, तर तेवढ्याच हवेत सुमारे २० ग्रॅम वाफ भरते. कक्षात २४ अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता राखावयाची असेल, तर एका घनमीटरमागे पावणेनऊ ग्रॅमपेक्षा अधिक वाफ चालणार नाही. म्हणजे ज्या एप्रिलला आपण सर्वजण नावे ठेवतो त्या एप्रिलची हवा नुसती थंड केली तरी काम बहुतांशी भागते. खरी परीक्षा घेतो तो सुखद वाटणारा जुलै. तासाला १,००० घनमीटर ताजी हवा आत घ्यावयाची झाली, तर जुलैमध्ये दर तासाला सुमारे १२ लिटर पाणी त्या हवेतून पिळून काढावे लागते. एक घागरभर पाणी, दर तासाला, अदृश्य हवेतून!

हे काम जे यंत्र करते त्याला इंग्रजीत जे लांबलचक नाव आहे ते कारखान्यात कोणी घेत नाही. सर्वजण त्याला ‘एएचयू’ म्हणतात. मराठीत त्यास हवा-संस्करण संयंत्र म्हणता येईल.

पेटीच्या आत काय असते?

बाहेरून पाहिले तर एएचयू म्हणजे पत्र्याची एक लांबट पेटी. लहान पेटी कपाटाएवढी, तर मोठी एखाद्या एसटी बसएवढी असते. पत्रा दुहेरी असून मध्ये उष्णतारोधक थर असतो. पेटीच्या एका तोंडाशी दोन वाटा असतात. एका वाटेने बाहेरची ताजी हवा येते, दुसरीने कक्षातून परत आलेली हवा. दोहोंचे प्रमाण ठरविणाऱ्या झडपांना डँपर म्हणतात. पुढे हवा गाळण्याची जाळी, म्हणजे फिल्टर. त्यापुढे तांब्याच्या नळ्यांचे वेटोळे, त्यास कॉइल म्हणतात. तिच्यातून चिलर यंत्राने सुमारे ७ अंशांपर्यंत थंड केलेले पाणी खेळत असते. त्यामागे उष्णता देणारी दुसरी कॉइल किंवा विजेचा हीटर आणि सर्वांत शेवटी हवा खेचून पुढे ढकलणारा पंखा, म्हणजे ब्लोअर. हाच क्रम सर्वत्र असतो असे नाही, पण अवयव हेच.

थंड पाण्याचा तांब्या पंगतीत ठेवला की त्यास बाहेरून घाम फुटतो, हे सर्वांनी पाहिले आहे. तो घाम तांब्यातून येत नाही, हवेतून येतो. कॉइलवर नेमके हेच घडते. दमट हवा थंड नळ्यांवरून गेली की तिच्यातील वाफेचे पाणी होते, ते खालच्या पन्हाळीत म्हणजे ड्रेन ट्रेमध्ये गळते आणि नळीने बाहेर जाते. वर सांगितलेली पावणेनऊ ग्रॅमची मर्यादा गाठावयाची तर हवा १० अंशांच्याही किंचित खाली न्यावी लागते.

येथे एक गोष्ट पुष्कळांना चमत्कारिक वाटते. इतकी थंड झालेली हवा कक्षात तशीच सोडली तर आत काम करणारी माणसे गारठतील आणि तापमान २४ अंशांवर राहणार नाही. म्हणून तीच हवा पुन्हा तापवितात. आधी पैसे खर्चून थंड करावयाचे आणि लगेच पैसे खर्चून गरम करावयाचे, हा शुद्ध अपव्यय आहे, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. कारखान्याचे जमाखर्च तपासणाऱ्यांना तर हमखास वाटते. परंतु थंड करणे हे पाणी काढण्यासाठी असते आणि गरम करणे हे तापमान जुळविण्यासाठी. तापविल्याने हवेत नवे पाणी येत नाही, त्यामुळे तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. पावसाळ्यात ही दोन्ही कामे एकाच पेटीत, एकाच वेळी चालणे आवश्यक असते. आर्द्रता याहूनही खूप खाली आणावयाची असल्यास सिलिका जेलसारख्या ओलावा शोषणाऱ्या द्रव्याचे फिरते चाक वापरतात. ते चाकही सतत गरम हवेने वाळवावे लागते.

वातानुकूलनाचा जन्म माणसाच्या सुखासाठी झाला, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. १९०२ साली अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि एकावर एक छापावयाचे रंग जागेवरून सरकत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने थंड कॉइलवरून हवा नेण्याची योजना आखली. पुढे १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर यांनी कापड गिरण्यांतील हवेसंबंधी बोलताना ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द रूढ केला. कागद आणि सूत यांच्या सोयीसाठी निघालेली विद्या पुढे माणसाच्या वाट्याला आली.

चाकणचा रंग

पेनिसिलिनची गोष्ट पिंपरीची. वीस-बावीस किलोमीटरवरील चाकणमध्ये तीच विद्या वेगळ्या कारणाने लागते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि पिंपरी-चिंचवड परिसरात कारखान्यांची रांग उभी राहिली. पुढे चाकण, महाळुंगे, निघोजे, खराबवाडी या खेड तालुक्यातील गावांच्या शिवारात वाहन उद्योग आला. बजाज ऑटोचा चाकण येथील कारखाना १९९९ चा, फोक्सवॅगनचा २००९ चा. जेथे मोटारी होतात तेथे त्या रंगविल्याही जातात, आणि मोटारीच्या कारखान्यात सर्वांत अधिक ऊर्जा खाणारा विभाग बहुधा रंगविभागच असतो.

पाण्यात कालविलेला रंग फवारताना हवा फार कोरडी असली तर थेंब पत्र्यावर पोहोचण्यापूर्वीच सुकू लागतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो; फार दमट असली तर रंगातील पाणी उडत नाही आणि तो ओघळतो. म्हणून कक्षाचे तापमान व आर्द्रता एका अरुंद चौकटीत धरून ठेवावी लागते. त्यातही अडचण अशी की रंगाचे सूक्ष्म तुषार आणि द्रावकांची वाफ यांमुळे रंगकक्षातील बरीचशी हवा परत वापरता येत नाही, तिला बाहेर टाकून नवी घ्यावी लागते. चाकणला जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, एप्रिलच्या दुपारी तो अडतीस-चाळीसकडे चढतो आणि जुलैत सारे शिवार धुक्यात भिजलेले असते. त्या एकाच पेटीला पहाटे हवा तापवावी लागते, उन्हाळ्यात गार करून पाण्याच्या फवाऱ्याने ओलवावी लागते आणि पावसाळ्यात वाळवावी लागते. ज्या शेतकऱ्याने याच मातीत कांदा-बटाटा काढला, त्यास हे तीन ऋतू पाठ आहेत. त्याचा मुलगा आता तेच तीन ऋतू तापमापीवर वाचतो.

पाळीवरचा माणूस

एएचयू चालविणे म्हणजे बटन दाबणे, असा समज अधिकाऱ्यांतही आढळतो. प्रत्यक्षात यंत्रचालकाची पाळी बटनापासून सुरू होत नाही. ती आधीच्या पाळीच्या नोंदवहीपासून सुरू होते. रात्री कोणता आकडा सरकला, कोणता पट्टा कुरकुरत होता, कोणती गळती तात्पुरती बांधून ठेवली आहे, हे वाचल्याशिवाय यंत्रास हात लावणे म्हणजे रोग्याचा पूर्वेतिहास न विचारता औषध देणे होय.

त्यानंतर पेटीभोवती एक फेरी. आत कोणी माणूस किंवा विसरलेले हत्यार नाही ना? दारांच्या कड्या बसल्या आहेत ना? ब्लोअरचे पट्टे, ज्यांना सर्वजण बेल्टच म्हणतात, ढिले वा चिरलेले नाहीत ना, त्यांवरील जाळी जागेवर आहे ना? डँपर उघडे आहेत ना? मग ब्लोअर सुरू करावयाचा आणि अँपिअरमापकाचा काटा पाहावयाचा. विजेच्या दुरुस्तीनंतर कधी कधी दोन तारांची अदलाबदल होऊन ब्लोअर उलटा फिरू लागतो. गंमत अशी की या जातीचा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेला फेकतो, फक्त पुष्कळ कमी. हवा येते आहे असे पाहून सर्वांचे समाधान होते आणि कक्ष मात्र दिवसभर थंड होत नाही. जाणता चालक म्हणून दुरुस्तीनंतर पंख्यावरील बाणाची खूण आणि फिरण्याची दिशा स्वतः पडताळून पाहतो.

ब्लोअर स्थिर चालू लागल्यावर थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडावयाचा आणि सर्वांत शेवटी हीटर. बंद करताना हा क्रम उलटा: आधी हीटर बंद, मग ब्लोअर आणखी काही मिनिटे तसाच चालू, जेणेकरून तापलेल्या तारांची उष्णता वाहून जाईल. हवा वाहत नसताना हीटर चालू राहिला तर पेटीतील धूळ व अस्तर पेट घेऊ शकते. हवेचा प्रवाह थांबताच हीटर आपोआप बंद पडावा अशी कळ यंत्रात असते. ती कळ वारंवार काम थांबविते म्हणून तारेने बांधून टाकण्याचा प्रकार कोठेही घडता कामा नये. कळ वारंवार पडत असेल तर दोष कळीचा नसून बहुधा तुंबलेल्या फिल्टरचा असतो.

फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक दाखविणारी एक तबकडी पेटीवर लावलेली असते. काटा चढत गेला म्हणजे धूळ साचली, हे नवशिक्यालाही कळते. पण काटा एकाएकी खाली आला तर? आकडा चांगला झाला असे समजून अननुभवी माणूस खूश होतो. अनुभवी माणूस तत्काळ पेटीकडे जातो, कारण जाळी फाटली तरी काटा खालीच येतो, ती चौकटीतून निसटली तरीही तेच घडते. धूळ आता थेट कॉइलवर आणि तेथून कक्षाकडे निघालेली असते. पुढच्या पायरीस, औषधाच्या कक्षांत, हेपा जातीची गाळणी असते. ती एक मायक्रॉनच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे, म्हणजे ०.३ मायक्रॉनचे, शंभरपैकी ९९.९७ टक्के कण अडविते. तिची किंमत फार आणि तिला धुता येत नाही. आरंभीची स्वस्त जाळी वेळेवर धुतली तरच ही महाग गाळणी तिचे पूर्ण आयुष्य भोगते. धुतलेली जाळी पुरती वाळल्यावाचून बसवू नये, हा साधा नियमही पावसाळ्यात कसास लागतो, कारण त्या दिवसांत काहीच लवकर वाळत नाही आणि ओल्या जाळीवर बुरशी धरते.

आणखी एक बारीकशी गोष्ट सांगण्याजोगी आहे, कारण ती कोणत्याही पुस्तकापेक्षा पाळीवर अधिक शिकता येते. ड्रेन ट्रेमधून पाणी बाहेर नेणाऱ्या नळीला यू आकाराचा बाक दिलेला असतो आणि त्या बाकात पाणी साचून राहते. पुष्कळ पेट्यांत ब्लोअर कॉइलच्या पुढे असल्याने कॉइलचा भाग सतत हवा खेचत असतो. बाकात पाणी नसेल तर त्या नळीतून बाहेरची हवाच आत ओढली जाते आणि ती ट्रेमधील पाण्याला बाहेर पडू देत नाही. उन्हाळ्यात कॉइलवर फारसे पाणी जमत नाही, त्यामुळे बाकातील पाणी उडून जाते. मग पहिल्या दमट दिवशी ट्रे भरतो, पाणी उडून हवेच्या मार्गात शिरते, छतावर डाग पडतात, कार्यालयातून दूरध्वनी येऊ लागतात आणि यंत्र फुटले असा गवगवा होतो. मे महिन्याच्या अखेरीस त्या बाकात तांब्याभर पाणी ओतून ठेवणारा चालक हा सगळा गोंधळ टाळतो. त्याचे कोणी अभिनंदन करीत नाही, कारण काही घडलेलेच नसते.

दुरुस्तीसाठी पेटी उघडण्यापूर्वी वीजपुरवठा तोडून त्यास कुलूप लावणे आणि ‘माणूस आत काम करीत आहे’ अशी पाटी टांगणे, हे तर सांगावयासच नको. परंतु सांगावे लागते.

दार उघडे राहिले तर

औषध भरण्याच्या कक्षात हवेकडून आणखी एका कामाची अपेक्षा असते. आतील दाब बाहेरच्या मार्गिकेपेक्षा थोडा अधिक ठेवतात. दोन शेजारच्या कक्षांत साधारणतः १० ते १५ पास्कल. हा दाब इतका अल्प असतो की माणसाच्या अंगाला तो जाणवत नाही, पण दार किलकिले झाले तरी हवा आतून बाहेर वाहते आणि बाहेरची धूळ आत येत नाही. पेनिसिलिनच्या बाबतीत मात्र उलटीही काळजी असते. काही व्यक्तींना पेनिसिलिनची इतकी तीव्र प्रतिक्रिया येते की अत्यल्प अंशही त्यांना घातक ठरतो. पेनिसिलिनची भुकटी हवेवाटे दुसऱ्या औषधात मिसळली, तर ते दुसरे औषध निःशंकपणे घेणारा रुग्ण नकळत संकटात सापडेल. म्हणून औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील अनुसूची एम या औषधांसाठी स्वतंत्र जागेचा आणि स्वतंत्र हवा-व्यवस्थेचा आग्रह धरते. या अनुसूचीचे सुधारित रूप २०२३ च्या डिसेंबरअखेर अधिसूचित झाले. आतील हवा बाहेर सोडतानाही गाळावी लागते आणि मार्गिकांची दाबांची चढउतार अशी रचावी लागते की बाहेरून धूळ आत येऊ नये आणि आतून भुकटीही निसटू नये.

अशा कक्षाचा ब्लोअर विजेअभावी थांबला तर काही क्षणांत दाब नाहीसा होतो. अशा वेळी काम तत्काळ थांबवावयाचे, दारे मिटलेलीच ठेवावयाची, उघड्या कुप्या बाजूला काढून त्यांची वेगळी नोंद करावयाची, आणि वीज आली तरी दाब, तापमान व आर्द्रता ठरलेल्या मर्यादेत येऊन कक्षाची पुन्हा तपासणी होईपर्यंत भरणी सुरू करावयाची नाही. यात उत्पादन बुडते. पाच मिनिटांचा खंड वहीत न लिहिण्याचा मोह येथेच पडतो. यंत्रचालकाच्या प्रामाणिकपणाची कसोटी यंत्र बिघडल्यावर लागत नाही, ते दुरुस्त होऊन पुन्हा चालू झाल्यावर लागते. ज्या नोंदवहीत दर तासाला तंतोतंत तेच आकडे, तीच शाई आणि तेच वळण दिसते, ती पाहून जाणता निरीक्षक आनंदित होत नाही. हवा इतकी आज्ञाधारक नसते, हे त्यास ठाऊक असते. आणि हेही मान्य केले पाहिजे की खरा आकडा लिहिणाऱ्यास जर प्रत्येक वेळी जाब विचारला जात असेल, तर खोटा आकडा लिहावयास त्यास वरिष्ठांनीच शिकविलेले असते.

न दिसणारे भांडण

औषधाच्या कक्षात थंड आणि गरम यांची जोडी आवश्यक, हे पाहिले. तीच जोडी साध्या कार्यालयात किंवा सभागृहात जमली तर मात्र ते भांडण असते. समजा, थंड पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. खोली गार पडते, कोणीतरी तक्रार करतो, चालक हीटर लावतो. खोली सुखद होते आणि तक्रार मिटते. त्या दिवसापासून चिलर आणि हीटर एकमेकांविरुद्ध अहोरात्र झटत राहतात. खोलीतील तापमान ठीक असल्याने कोणासही दोष दिसत नाही; तो फक्त विजेच्या देयकात दिसतो, आणि देयक भरणारा विभाग दुसरा असतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. व्हॉल्व्ह बंद असल्याचे दर्शक सांगत असूनही त्यापुढील नळी गार लागत असेल व तिला घाम येत असेल, तर पाणी गळते आहे. हात लावून पाहण्याइतके साधे निदान आहे हे, परंतु त्यासाठी कोणीतरी त्या नळीपर्यंत जावे लागते.

ब्लोअरचा वेग हेही बचतीचे मोठे साधन. पंख्याची वीज वेगाच्या तिसऱ्या घाताने बदलते. वेग पाचपैकी चार भागांवर आणला की वीज जवळजवळ निम्म्यावर येते. रात्री वा सुटीच्या दिवशी सभागृहात माणसे नसताना पूर्ण वेगाने हवा फिरविण्याचे कारण नसते. औषधाच्या कक्षात मात्र हा उपाय चाचणीवाचून करता येत नाही, कारण तेथे वेगाबरोबर दाबही उतरतो.

बचतीची एक वाईट रीतही आहे. बाहेरची उष्ण वा दमट हवा गार करावयास खर्च येतो म्हणून ताज्या हवेचा डँपर मिटून टाकावयाचा आणि तीच ती हवा फिरवीत राहावयाचे. थंडावा तसाच राहतो. लोकांना जांभया येतात, डोके जड होते, त्याचे खापर भाषणावर फुटते. कोविडच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने वातानुकूलित इमारतींसाठी सूचना दिल्या, त्यांत तापमान २४ ते ३० अंश आणि आर्द्रता ४० ते ७० टक्के राखावी व ताज्या हवेचे प्रमाण वाढवावे, असा रोख होता. बंद खोलीतील हवा ही सर्वांची सामाईक वस्तू आहे, हे त्या वर्षी देशाला फार मोठी किंमत देऊन कळले.

पिंपरी-चिंचवडला १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका मिळाली. आज या शहरात मोठी रुग्णालये आहेत, नाट्यगृहे आहेत. तालुक्याच्या ठिकाणी शस्त्रक्रियागृहे आहेत. यांपैकी प्रत्येक ठिकाणी कोठेतरी गच्चीवर किंवा जिन्याखाली अशी एक पेटी चालू असते. तिच्या खरेदीचा ठराव सभेपुढे येतो तेव्हा त्यावर चर्चा होते, कारण रक्कम मोठी असते. दरवर्षी लागणाऱ्या जाळ्या, बेल्ट, कॉइलची स्वच्छता, दाबमापकांची पडताळणी आणि तीन पाळ्यांत लागणारे शिकलेले चालक यांची तरतूद मात्र अंदाजपत्रकात एखाद्या ओळीत, किरकोळ या सदरात, उरली तर असते. शस्त्रक्रियागृहाच्या फीत कापण्याच्या समारंभाला उपस्थित राहणाऱ्या सदस्याने वर्षभराने एकदा जाऊन त्या पेटीचे दार उघडून दाखविण्यास सांगावे. काळवंडलेली जाळी ओळखावयास अभियंता असावे लागत नाही.

चालक कोठून येतात, हाही प्रश्न आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत प्रशीतन व वातानुकूलन यांत्रिकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यामुळे कारखान्यात प्रत्यक्ष अनुभवाची वाट उघडली आहे. तथापि अनेक ठिकाणी एएचयूचे काम कंत्राटाने दिले जाते, आणि कंत्राट बदलले की दोन पावसाळ्यांचा अनुभव घेतलेला मुलगाही बदलतो. कोणत्या पेटीचा कोणता व्हॉल्व्ह हट्टी आहे हे त्याच्याबरोबर फाटकाबाहेर जाते. नव्याला ते पुन्हा पहिल्यापासून, आणि दमट दिवसांत, शिकावे लागते.

शिक्षकवर्गाला या विषयाचा पहिला धडा वर्गातच देता येईल, त्यास यंत्र लागत नाही. दोन सारखे साधे तापमापक घ्यावेत. एकाच्या फुग्याला ओल्या सुती कापडाची वात गुंडाळावी, दुसरा तसाच ठेवावा, आणि दोहोंना पुठ्ठ्याने वारा घालावा. एप्रिलच्या दुपारी कोरडा तापमापक ३८ अंश दाखवीत असताना ओला वीस-एकवीसवर उतरलेला दिसेल. जुलैत कोरडा २६ वर असेल तर ओला २४ च्या आसपास अडेल. हे दोन आकडे रोज एकाच वेळी टिपून भिंतीवर लावले, तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांतील अंतर कसे मिटत जाते हे मुलांना दिसेल. त्याच दिवसांत, त्यांच्या शाळेपासून काही मैलांवर, कोणीतरी गच्चीवर जाऊन यू आकाराच्या नळीत पाणी आहे की नाही ते पाहत असेल.